दोनशे म्हणजे दोनशे

वर्ना स्टिल्टनर ब्रायर होलोच्या तांबड्या मातीच्या ट्रॅकवर बावीस वर्षं शर्यतीची गाडी पळवत होती आणि एकदाही पहिली आली नव्हती. आठवडाभर शाळेची बस चालवायची, शनिवारी शर्यत. निम्मी शर्यत ती टायर जपत मागे रेंगाळायची, आणि बाकांवर उकडलेल्या शेंगा सोलत लोक ओरडायचे, "बस आली रे, हात दाखवा!" हसा लेको! शेवटी त्याच पुढच्या पोरांचे टायर गुळगुळीत व्हायचे आणि बाई एकेकाला मागे टाकत यायची. तिसरी, दुसरी. पहिली मात्र नाहीच. आता गुडघे गेले होते. हा शेवटचा मोसम, आणि दोनशे फेऱ्यांची ही शेवटची शर्यत.

त्या दुपारी गाड्या रांगेत लागल्यावर ट्रॅकचा नवा मालक लायल हार्लेस भोंग्यावर म्हणाला, "आज शंभरच फेऱ्या!"

वर्ना गाडीतूनच कडाडली, "काय रे, शर्यत आहे की उरकायचं काम?"

"बाई, लोक कंटाळतात. घरी जायचंय त्यांना."

"त्यांना की तुला?"

हिरवा झेंडा हललाच. दुसरं कुणी असतं तर पहिल्यापासून गाडी ताणली असती. वर्ना? छे! दोनशेचं पेट्रोल भरलं होतं, दोनशेच्याच बेताने ती निघाली. शंभराव्या फेरीला कोय ब्लेव्हिन्सला शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा मिळाला. वर्ना सातवी. सगळे आत वळले. ती वळली नाही.

हार्लेसने फेऱ्यांचा फलक बंद करवला, भोंग्यावर घसा कोरडा केला. तेवढ्यात बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "एकशे एक!" पुढच्या खेपेला दहाजण, मग अख्खी गर्दी. घरी कुणीसुद्धा गेलं नाही.

करंडक काखेत घेतलेल्या कोयला त्याच्या आईनेच झापलं, "अरे, म्हातारी पळतेय आणि तू फोटो काढून घेतोयस?"

पोराचे कान लाल झाले. तो गाडीत बसला, मागोमाग वर्नाच्या पुढे आलेले बाकीचे पाचही. वर्नाने वेग कमी करून हात बाहेर काढला: घ्या रे, आपापल्या जागा घ्या. सहाच्या सहा तिच्यापुढे लागले, होते तसेच. मग तिने पाय दाबला. एका शर्यतीला टायरचा एकच संच, हा इथला नियम. पोरांचे संपले होते, तिचे नव्हते. कोय शेवटपर्यंत झुंजला, पण एकशे सत्त्याण्णवला वळणावर त्याची गाडी घसरली आणि बाई आतून निघून गेली. "दोनशे!" एवढा गलका झाला की भोंगा कुणाला ऐकूच येईना.

ती उतरली तेव्हा दातांत माती होती, आणि तिला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं. रडली नाही. हार्लेस समोर आला. "यातलं काही मोजलं जाणार नाही हं! करंडक कोयचाच."

"असू दे की. पण त्यालाच विचार, पहिलं कोण आलं?"

"वर्नाबाई," कोय म्हणाला, मालकाकडे न बघताच.