पहिल्या हाकेला

माझ्या भावाला काल बॅरिस्टर केलं. तो उन्हाळ्यातच गेला.

ज्यांना कळवायचं राहिलं त्यांच्यासाठी लिहितेय. प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायची ताकद नाही, म्हणून काय ते एकदाच.

निखिल परब. सिव्हिल इंजिनीअर. जन्म मस्कतचा, शाळा इथलीच, डिग्री पुण्याची. मग परत येऊन साइटवर हेल्मेट घालून उभा.

तिथे कॉन्ट्रॅक्टवरून चालणारी भांडणं बघून साहेबांना साक्षात्कार झाला. भिंती बांधण्यापेक्षा त्यांच्यावरून भांडण्यात जास्त मजा आहे!

नातेवाइकांनी मनसोक्त खिल्ली उडवली. "सिमेंटवाला आता काळा कोट घालणार."

हा फक्त हसायचा. साइटवरून आला की आंघोळ करून लॅपटॉपसमोर बसायचा.

कायद्याची डिग्री नाही, म्हणून आधी कन्व्हर्जन कोर्स. मग बार कोर्स, म्हणजे कोर्टात उभं राहून बोलायचं ट्रेनिंग. क्लास बरेचसे ऑनलाइन, परीक्षा लंडनला. आणि सगळं पास झालं की शेवटी एक समारंभ. एकेकाचं नाव पुकारतात, तो पुढे जाऊन वाकतो, झाला बॅरिस्टर.

निखिलचा सगळा घोळ त्या नाव पुकारण्यातच होता.

आमची आई मालवणकडची. लहानपणापासून तिने आम्हाला दटावलंय, "पयल्या हाकेक ओ देव नको. माणूस दोनदा हाक मारता. तां येकदाच मारता."

"तां" म्हणजे कोण, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

मी मोठी झाल्यावर हे सोडून दिलं. निखिलच्या मात्र ते हाडात मुरलं होतं.

क्लासमधल्या लुटुपुटूच्या खटल्यात जज झालेल्या मॅडम म्हणायच्या, "मिस्टर परब?"

हा ढिम्म.

"मिस्टर परब, आर यू विथ अस?"

मग हा ताडकन उभा!

बोलणं उत्तम, पण उठायला उशीर. दर वेळी तोच शेरा. आता लंडनच्या जजला मालवणचं भूत कसं समजावणार?

"ताई, ही सवय मोडायलाच हवी. तू हाक मार."

मग आमची प्रॅक्टिस सुरू झाली. इथे मस्कतजवळ अल अमेरातला आमच्या बिल्डिंगच्या मागे लगेच उघडाबोडका डोंगर आहे. आमच्याकडे कोणी शिंकलं तरी तो शिंकतो.

संध्याकाळी गच्चीवर मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचे आणि मध्येच ओरडायचे, "मिस्टर परब!" त्याने लगेच "येस, युअर ऑनर" म्हणायचं. मागून डोंगर दोघांचंही म्हणायचा. आम्ही हसून लोटपोट.

एकदा मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान नुकतीच संपली होती. वारा पडलेला. निखिल डोंगराकडे तोंड करून उभा होता.

"येस, युअर ऑनर!"

वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "बघितलंस? पहिल्या हाकेला. खलास, जमलं!"

मी काही बोलू शकले नाही, कारण माझ्या तोंडात कपड्याचा चिमटा होता.

चिमटा काढून म्हटलं, "निखिल, मी हाक मारलीच नाही."

"चल गं. स्पष्ट ऐकली मी. मिस्टर परब म्हणालीस."

डोंगराकडून त्याचं उत्तर तेवढं परत आलं होतं. हाक नव्हती आली.

मी घाबरले. खरंच घाबरले. आईला मात्र आम्ही सांगितलं नाही.

लंडनला परीक्षेत तो पहिल्या हाकेला उठला. पास झाला. समारंभाची तारीख मिळाली, सूटचं माप देऊन आला.

आणि एका दुपारी साइटवरच्या केबिनमध्ये...

त्याच्याबरोबर काम करणारे इक्बालभाई, रत्नागिरीचे, शेजारी जेवत होते. त्यांनी मला नंतर सांगितलं.

"ताई, अल्लाची शपथ, कोणी बोलावलं नव्हतं त्याला. केबिनमध्ये आम्ही दोघंच. एकदम उभा राहिला, 'येस' बोलला, आणि पडला."

डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल.

आई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "तेची सवय मोडलास तुमी."



मग लंडनहून ईमेल आली. घरच्यांची इच्छा असेल तर समारंभात शेवटी त्याचं नाव पुकारू. मी लगेच हो म्हटलं. एवढं शिकला माझा भाऊ, निदान बॅरिस्टर तरी होऊ दे.

आई भडकली. "गेलेल्या माणसाक हाक मारतत? तो येयत ना परत! पयल्याच हाकेक येयत!"



काल संध्याकाळी मी हॉलमधल्या टीव्हीवर समारंभ लावला. आई स्वयंपाकघरात होती. सगळी मुलं गाऊन घालून पुढे येत होती, वाकत होती. आईवडील टाळ्या वाजवत होते. मला ते बघवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं.

मग सगळे बसले. एका गृहस्थांनी चष्मा नीट केला.

"निखिल परब."

एकदाच.

त्या एवढ्या मोठ्या सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

आणि माझ्या मागे स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला. आईने डोंगराकडे तोंड करून, गावी शेतातून द्यायची तशी, खणखणीत ओ दिली.

"ओऽऽ!"

मी वाट बघत राहिले. आमचा डोंगर सगळं परत देतो.

काल त्याने काहीच परत दिलं नाही.

आईने शांतपणे खिडकी लावली. हात पुसत हॉलमध्ये आली आणि पहिल्यांदाच टीव्हीकडे बघितलं.

"तेका कित्याक परत येवक लावतंस? तेच्या जागी मी दिलंय ओ."

आणि मग ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

बॅरिस्टर निखिल परब, तुला तुझ्या ताईचा शेवटचा नमस्कार.

झोप आता. कोणी कितीही हाका मारल्या तरी उठू नकोस.