शनिवारची नर्स

उत्तराने आमच्याकडे पाहुण्यांच्या पलंगावर चादर घातली, तेव्हाच मला संशय आला होता. चारी कोपरे असे घडी करून आत खोचले होते की त्यावर झोपायचा धीर होईना. कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तर आधी नुसती हसली. मग दार लावून घेतलं आणि सांगितलं. मिरजेला हॉस्पिटलात ती सहा वर्षं सिस्टर होती, ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात. श्रीरंग तिथे शिकाऊ डॉक्टर. सुरुवातीला त्याला रक्त बघून घेरी यायची, तेव्हा हीच त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवायची. पठ्ठ्या त्या हातांच्याच प्रेमात पडला, आणि लग्न ठरल्याबरोबर त्याच हातांची त्याला लाज वाटायला लागली. मुलगी बी.एस्सी. आहे, असं त्याच्या घरच्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. अमेरिकेला येताना लोणच्याच्या बरणीबरोबर ते खोटंही सामानात आलं.

पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावात तेव्हा, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला, मराठी घरं जेमतेम पंधरा. बायको नर्स आहे म्हणून तिथल्या अमेरिकन लोकांनी भुवईसुद्धा उचलली नसती. श्रीरंगच्या हॉस्पिटलातल्या कितीतरी डॉक्टरांनी नर्सशीच लग्नं केली होती. पण त्याला धाक त्यांचा नव्हताच, आपल्या पंधरा घरांचा होता. इथल्या लायसन्सची परीक्षा देऊ दे, असं उत्तरा दर वर्षी म्हणायची, आणि दर वर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. गाडी शिकवण्याचंही तेच. घर टेकडीवर, बस नाही, रस्त्याला फूटपाथ नाही. बर्फ पडलं की तिला चार-चार दिवस पोस्टमनखेरीज माणूस दिसत नसे.

"घर सुंदर आहे गं विनीता," ती मला एकदा म्हणाली, "पण कडी बाहेरून आहे."

गावात एक जुनं चर्च आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढाईनंतर तिथे जखमी शिपाई आणून ठेवले होते, बाकं जोडून त्यांच्यावर ऑपरेशनं केली होती. आता तिथे लहानसं म्युझियम आहे. दर शनिवारी एक बाई त्या वेळच्या हॅना नावाच्या नर्सचा वेष करून लोकांना तिची गोष्ट सांगायची. त्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं आणि म्युझियम चालवणाऱ्या मिसेस हॉलंडना दुसरी हॅना हवी झाली. मिसेस हॉलंड म्हणजे श्रीरंगच्या बॉसच्या सौभाग्यवती. मग काय विचारता, त्याने स्वतःहून बायकोचं नाव पुढे केलं. मी त्याला तोंडावर म्हटलं, आजची खरी नर्स चालत नाही आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची खोटी चालते का रे तुला? तो मजेत म्हणाला, "वहिनी, ते कल्चरल आहे."

हॅना काही सावळी नव्हती, पण ड्रेस उत्तराच्या अंगाला बेतल्यासारखा बसला, म्हणून मिसेस हॉलंडनी रंगाकडे काणाडोळा केला. त्या काळी नर्स व्हायला रूप साधं लागे, कपडे काळे किंवा तपकिरी, आणि अंगावर दागिना चालत नसे. उत्तराने मंगळसूत्र कॉलरच्या आत सारलं. हॅना नर्स झाली ते लपवायला तिच्या बापाने गावात सांगितलं होतं म्हणे, की मुलगी मावशीकडे राहायला गेली आहे. या वाक्याशी उत्तरा जराशी थांबायची. मी तिला गाडीने ने-आण करायचे, त्यामुळे बघत होते. बँडेज गुंडाळून दाखवताना तिचा चेहरा उजळायचा आणि परतताना टेकडीचा चढ लागला की विझायचा. मला त्या टेकडीचा राग यायचा.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती म्हणाली, हात विसरायला लागलेत, आता परीक्षा दिली नाही तर कधीच नाही. तो लोकांना भितो ना, मग लोकांनाच कळू दे. एकदा कळलं की लपवायला उरतंय काय, आणि मला अडवायला तरी काय?

ऑगस्टात महाराष्ट्र मंडळाची पिकनिक होती. बायकोचं कौतुक दाखवायला श्रीरंगनेच सगळ्यांना चर्चमध्ये आणलं. बाकांवर आमची पंधराही घरं. हॅनाची गोष्ट संपली तशी माझ्या दहा वर्षांच्या दीपाने हात वर केला. "मावशी, आर यू अ रिअल नर्स?"

उत्तराने श्रीरंगकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ती मराठीत बोलली.

"हो. खरी. मिरजेला सहा वर्षं वॉर्डात होते. जखमा धुतल्या, बांधल्या. गेलेल्या माणसांचे डोळे मिटले. मला ते काम पुन्हा करायचंय. इथे, या गावात."

बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. झालं, सुटली, असं वाटलं मला.

मग श्रीरंगने टाळी वाजवली.

"वा," तो म्हणाला, "मराठीतसुद्धा. हे खास आपल्यासाठी बसवलंय हं तिने."

लोकांचा जीव भांड्यात पडला. सगळं चर्च टाळ्या वाजवू लागलं. मिरज काय छान घातलं मध्ये, असं कुणीतरी म्हणालं.

"अहो, खरं आहे ते," मी मोठ्याने म्हटलं. शेजारच्या मृणालिनीकाकू टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे वळल्या. "हो ना," त्या म्हणाल्या, "अगदी खरं वाटलं."

उत्तरा तशीच उभी होती. टाळ्या पडल्या की ड्रेसचा घोळ दोन्ही हातांनी धरून गुडघ्यात वाकायचं, असं मिसेस हॉलंडनी तिला शिकवलं होतं. ती वाकली. वाकताना मंगळसूत्र कॉलरबाहेर आलं.

"अगं, दिसतंय ते," श्रीरंग हळूच म्हणाला.

तिने ते आत सारलं. पुढचा ग्रुप दारात येऊन उभा राहिला होता.