बाबांचा माईक

बाबांचा माईक बंद ठेवायचं ठरलं तेव्हा मी नको म्हणाले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला थोडी बरी दाखवीन अशी मला भीती वाटते.

मी बोईसरला व्हायोलिन शिकवते. जवळच्या पाम गावात आमचे सर राहतात. फारसं कुणी वाजवत नाही अशी, गजाने वाजवायची वाद्यं जमवून त्यांनी एक छोटा वाद्यवृंद उभा केला. ते स्वतः इराणी कमांचा वाजवतात. एक जण चिनी एर्हू, एक जण सारंगी आणि मी. सरांच्या वाडीत चिकू ठेवायची खोली आहे, तिथे आमची तालीम चालायची. सर सारखे म्हणायचे, "सगळ्या जगाचं झालं. इथलं काय?"

इथलं आम्हाला मनोरच्या पलीकडे एका पाड्यावर सापडलं. माणसाबद्दलही आम्ही 'सापडले' असंच बोलायचो. सत्तरीचे बाबा, त्यांची मुलगी आणि एक किंगरी. नारळाच्या करवंटीवर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, बांबूची दांडी, तार एकच आणि घोड्याच्या केसांचा गज. त्या भागात किंगरी वाजवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दीड वर्ष दर रविवारी मी त्यांच्याकडे शिकायला गेले. चुकलं की ते गजाची काठी मनगटावर मारत. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातांनी एक किंगरी बनवली. करवंटी घासण्यातच पंधरा दिवस घालवले. त्यांच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटाचं पेर तरुणपणी तारापूरच्या एका कारखान्यात तुटलं होतं. त्यामुळे एक सूर त्यांना थेट लागत नसे. खालून घसरत जाऊन ते तो गाठत, तरी तो जरा कमीच पडे. मला मात्र त्यांनी तसं करू दिलं नाही.

"तुला बोट हाय ना? मग सरल धर."

पालघरच्या सभागृहात आमचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. तालमीत बाबांची तार कमांच्याशी जुळेना. जुळवली की दहा मिनिटांत उतरायची. लयही ते मनाला येईल तशी ओढायचे. दोन दिवस आधी सरांनी मला चिंचेखाली बोलावलं.

"त्यांना पुढे बसवू. तू मागे पडद्याजवळ बसून तेच वाजव. त्यांचा माईक सभागृहापुरता बंद ठेवू, लोकांना तुझा आवाज जाईल. त्यांच्या पायाशी एक स्पीकर ठेवतो, त्यातून त्यांना त्यांचाच ऐकू येईल."

"आणि त्यांना कळलं तर?"

"सांगणार कोण?"

मी वाजवलं. खरं सांगायचं तर त्या दिवसाइतकं चांगलं मी कधीच वाजवलं नव्हतं. समोर मला बाबांची पाठ दिसत होती. नवा पांढरा सदरा, त्यावर घडीच्या रेषा तशाच. संपल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं. कुणीतरी वर येऊन त्यांच्या पाया पडलं. आत आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"बाय, एवढी मानसं गप बसली माज्यासाठी."

मी म्हणाले, "हो, बाबा."

पुढच्या रविवारी गेले तर ते ओट्यावर बसले होते. मुलीच्या मोबाइलवर त्या दिवसाचं चित्रण चालू होतं. कुणीतरी तिला पाठवलं होतं. एका ठिकाणी ते तिला थांबवायला लावत, मागे न्यायला लावत. तीनदा ऐकल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा सूर मना कदी असा लागला नाय. तू वाजवलास?"

"हो."

"मग मी काय करत होतो?"

"तुम्हीपण वाजवत होता ना, बाबा."

"कोनाला?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "मना तितं बसल्या बसल्याच कललेलं, ताई. पन बाबा हसत होता. कसा सांगू?"

बाबांनी माझी किंगरी मागितली. वाटलं, आता वाजवतील, ओरडतील, पुन्हा मनगटावर मारतील. त्यांनी ती मांडीवर घेतली, कोयत्याच्या टोकाने कातडं आडवं चिरलं आणि माझ्या हातात दिली.

"आता वाजव."

त्यांनी ते दोनदा म्हटलं. मग त्यांनी मला हाताने उठायची खूण केली.

मी सरांना सांगितलं. त्यांनी किंगरी उलटसुलट करून पाहिली. "कातडंच गेलंय. दुसरं बसेल." उमरोळीच्या एका ढोलकी मढवणाऱ्याने ते चार दिवसांत बसवून दिलं. पुढचे कार्यक्रम बाबांशिवाय झाले. फलकावर मात्र त्यांचा फोटो राहिला, डोळे मिटलेला. मी काढायला सांगितला नाही.

सर दोनदा गाडी घेऊन त्यांना भेटायला गेले. मुलीने दारातच सांगितलं, "तो वाजवतो रोज. तुमची गाडी वलनावर दिसली का थांबतो."

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी एकटी गेले. एसटीने उतरून पायी चालत गेले. माफी मागायचीच, असं ठरवून गेले होते. घराजवळ येताच मागच्या अंगणातून किंगरी ऐकू आली. ही चाल त्यांनी मला कधी शिकवली नव्हती. कुडापाशी उभी राहून मी ऐकत होते. एक सूर घसरत वर येई, थोडा कमी पडे आणि तिथेच थांबे. मला रडू आलं. रडतच मी मोबाइल काढला आणि कुडाच्या फटीशी धरला.

वाजवणं थांबायच्या आत मी तिथून निघाले. माफी राहूनच गेली.

ती चाल आता आमच्या कार्यक्रमात दुसऱ्या क्रमांकावर असते. एर्हू आणि कमांच्याबरोबर ती छान मिसळते. लोक विचारतात, ही कुठे मिळाली? सर माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी उठून नमस्कार करते.