टिणकोरी

बाईंनी मला फसवले. त्याआधी मी त्यांना फसवले होते, पण तेवढे दुकानदारीत चालते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षे झाली होती. तिथल्या माझ्या पितळी भांड्यांच्या दुकानात पीएच.डी. करणाऱ्या एक बाई वही घेऊन आल्या. त्यांना भांड्यांचे आमच्याकडच्या झाडीबोलीतले शब्द हवे होते. मी कोंढ्याकडच्या गावांत सायकलवर भांडी विकून वर आलेला माणूस. म्हणालो, "बाई, शब्द फुकट नाही भेटत. एक भांडं घ्या, एक शब्द न्या."

"पावती द्याल ना, काका?" त्या हसल्या.

आठ दिवसांत अर्धा संसार घेऊन गेल्या. माझे शब्द संपले. एका जातीची बुटकी पळी खपत नव्हती, म्हणून तिला मीच नाव ठेवले, टिणकोरी. बाई शेजारच्या दुकानांत खात्री करतील हे ओळखून तिथे आधीच सांगून आलो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटच्या दिवशी काय वाटले कोण जाणे, आईचा एक शब्द मी फुकट देऊन टाकला. आई डोक्यावर टोपले घेऊन गावोगाव भांडी विकायची. विकण्याआधी टिचकी मारायची आणि आवाज बद्द आला की भांडे मागे ठेवायची. "हे बोदं बोलते," म्हणायची.

परवा दुकानात बसून एम.ए. करणाऱ्या माझ्या मुलीने विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहातून बाईंचा प्रबंध मोबाइलवर काढला. टिणकोरी फोटोसकट होती. दुसऱ्या एकाने तर आपल्या प्रबंधात तिचे मूळ संस्कृतात शोधले होते. बाईंच्या प्रबंधात 'बोदं' मात्र नुसता तळटीपेत होता: दुजोरा न मिळाल्याने वगळला.

मी भडकलो. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, टिणकोरीले सारा बाजार साक्षीदार. आजीच्या शब्दाले तुम्ही एकटेच. त्या बाईनं काय करावं?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. "भाऊ, टिणकोरी आहे का?"

मी काढून दिली. तेव्हापासून डोके चालत नाही. मागायला लोक येतात, मग तो शब्द खोटा कसा? आणि आईचा खोटा ठरला तो कोणामुळे, बाईंमुळे की माझ्यामुळे? बाजारभर मी टिणकोरी सांगत फिरलो, 'बोदं' कोणालाच सांगितला नाही.

तरी जाब मी बाईंनाच विचारणार. तडा गेलेली एक घागर दुकानात ठेवली आहे. त्यांनी यावे, टिचकी मारावी, आणि ती काय बोलते ते माझ्या तोंडावर सांगावे.