लॉकची बंद बाजू

गॅरेजसमोर जळक्या ऑइलचा वास आला की माझे पाय अजूनही अडखळतात. आजही अडखळले, आणि मी मनाने जानेफळला, सलीमच्या अंगणात जाऊन पोचलो.

सलीम माझा मित्र, गावातला सुतार. त्याच्या मोटरसायकलची चेन आम्ही घरीच बदलत होतो. हत्यारं म्हणजे एक पक्कड, एक पेचकस आणि चाक उचलून धरायला चार विटा. जुन्या चेनच्या टोकाला नवी अडकवून त्याने ती हळूहळू ओढून घेतली. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शेवटी दोन्ही टोकं जुळली आणि ती जोडून धरणारं नखाएवढं लॉक मी पकडीने दाबून बसवलं.

"बंद बाजू समोर हाय ना बे?" चाकापलीकडून सलीमने विचारलं. चेन पळते त्या दिशेला लॉकची बंद बाजू ठेवावी लागते, नाहीतर ते निसटतं.

"हाव," मी म्हणालो. मी पाहिलंच नव्हतं. ओट्यावर चहा निवत होता.

चहा पिऊन तो चिखलीला निघाला. वाटेत चेन निसटून मागच्या चाकात अडकली. सलीम जागीच गेला. लॉक कुणाला सापडलं नाही. मी ते बरोबरही बसवलं असेल.

दर ईदला त्याची अम्मी माझ्यासमोर शीरखुर्म्याची वाटी ठेवते आणि हळूच विचारते, "तुम्ही तं नीट पाहून बसवली होती ना चेन, बेटा?"

"हाव," मी म्हणतो.