कुणाचं खरं धरायचं

आमच्या गल्लीतले चाचा हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करत आणि वाजवतही. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघत, कारण कान जवळजवळ गेले होते. तरी एकदा लिंबागणेश गावच्या देवळात त्यांनी मारवा राग वाजवला आणि मग एकेकाला विचारत फिरले. भजनी मंडळाचे बुवा म्हणाले, “लई संथ.” गाण्याचे मास्तर म्हणाले, “घाई केली.” एक बाई नुसतीच डोळे पुसत निघून गेली.

मीही ऐकायला गेलो होतो; परतताना त्यांनी मला धरलं. “तुमी खरं सांगा. मला सोताला काईच ऐकू आलं न्हाई.”

“छान झालं,” मी म्हणालो. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर चाचा स्वतःच्या पेटीतले सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी पट्ट्या, एकेक काढून गिऱ्हाइकांच्या पेट्यांत बसवत होते.

“ज्याला ऐकू येतं, त्याच्याकडं जाऊ द्या,” ते म्हणाले.