जागेवरची सायकल आणि पायडलचा पुरा फेर

घरात पंखा आला, गॅस आला, फ्रिज आला, तेव्हा कोणी किस्सा सांगितला नाही. पण जागेवरच उभी राहणारी सायकल आली, आणि घरी येणारा जो तो चहा पिऊन जाताना एकेक किस्सा ठेवून जाऊ लागला. आता इतके साचले आहेत की थोडे बाहेर काढलेले बरे.

सायकल आणली बायकोसाठी. सुलोचनाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, पण गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर घरी सायकल चालवा. पायडल पूर्ण फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर बेहोश करून गुडघा वाकवावा लागेल."

ऑपरेशनला ती भ्यायली नव्हती. या वाक्याला भ्यायली.  मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला बसमधून उतरताना म्हणाली, "अजी, मले तं साधी सायकलही येत नाही!"

*

तिला दुकानात नेता येत नव्हतं. म्हणून मी तिच्या कमरेपासून टाचेपर्यंत सुतळी धरली, टाचेशी गाठ मारली आणि सुतळी खिशात घालून गेलो.

दुकानदार बटणं दाखवत होता. "टाइम, स्पीड, सब दिखता है, बाबूजी!" मी सुतळी काढून सीटपासून पायडलपर्यंत लावली. पहिल्या सायकलला गाठ पार जमिनीवर लोळली. दुसरीचा मधला दांडा इतका उंच, की लुगड्यात पाय पलीकडे टाकता येणार नाही. तिसरीचा दांडा खाली, सीट वर-खाली होणारी, आणि फिरवली तर आवाज नाही. गाठ बरोबर पायडलवर आली.

"ये क्या नाप रहे हो?" दुकानदाराने विचारलं.

"घरवाली," मी म्हणालो.

त्याने सुतळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "वजन का भी धागा लाए हो क्या?"

*

मी आणि डोमाजी जवळच्या वारासिवनी गावातल्या एका राईस मिलमध्ये तीस वर्षं होतो. मी पोती शिवायचो, तो मिस्त्री. मिलचा पहिला कायदा : मशीन हलली की बिघडली. म्हणून प्रत्येक मशीन जमिनीला आवळून टाकायची.

सायकल जोडायला मी त्यालाच बोलावलं आणि भाजी आणायला गेलो. परत येऊन पाहतो, तर ओसरीत चार भोकं, चार बोल्ट आणि वर ओलं सिमेंट!

"आता भूकंप आला तरी हालत नाही!" डोमाजी हात पुसत म्हणाला.

"पण डोमा, तिचं तोंड भिंतीकडं झालं ना."

डोमाजीने भिंत पाहिली. सायकल पाहिली. शांतपणे म्हणाला, "मंग तिले कुठी जायचं हाय?"

*

पूजेशिवाय नवी मशीन चालू करायची नाही, हाही मिलचाच कायदा. डोमाजीने हळद-कुंकू कालवून थेट स्क्रीनवर स्वस्तिक काढलं. ते वाळलं आणि आकडे दिसेनासे झाले.

शेजारच्या वच्छलाबाई पाहायला आल्या होत्या. म्हणाल्या, "आता बाई, स्पीड कसा कळन?"

सुलोचना म्हणाली, "पायडल अर्धंच जाऊन राह्यलं. स्पीड कायचा?"

खरंच होतं ते. अर्धं पुढे, अर्धं मागे. पायडल वर आलं की गुडघा अडायचा. ती ओठ दाबून घ्यायची. मी तिच्याकडे न पाहता पाण्याचा ग्लास पुढे करायचो.

*

आठवडा गेला. फरक नाही, उलट दुखणं वाढलं. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मुलगी व्हिडिओवर पाहून ओरडलीच, "दादाजी, सीट इतनी नीचे?"

सीट डोमाजीने सर्वांत खाली ठेवली होती. वहिनी पडल्याच तर कमी लागावं म्हणून! मुलीने समजावलं, सीट जेवढी खाली तेवढा गुडघा जास्त वाकवावा लागतो. आम्ही सीट वर केली. मग तिला जोर कमी-जास्त करायचं बटण दिसलं. तेही शेवटच्या आकड्यावर, आठवर!

"आठ पर किसने रखा? एक पर रखो!"

सुलोचना हळूच म्हणाली, "म्याच ठेवलं. मले वाटलं, आठ नंबरवर लवकर बरं होते."

*

वच्छलाबाई एकदा "पाहू तं बाई" म्हणून सायकलवर बसल्या. पायडल गरागरा फिरलं. त्यानंतर रोज दुपारी येऊ लागल्या. पाय सायकलवर, तोंड साऱ्या मोहल्ल्यावर. सुलोचना बाजूला खुर्चीत बसून आपल्या पाळीची वाट पाहायची.

पाचव्या दिवशी म्हणाली, "वच्छला, माया पाय वाकाच्या आंधी तूच बारीक होशीन!"

*

डॉक्टरकडे जायला दोन दिवस उरले. सुलोचनाने स्वतःच पिशवी भरली. दोन लुगडी, चादर, टॉवेल. दवाखान्यात ठेवून घेतील, हे तिने धरूनच टाकलं होतं.  

सकाळी ती सायकलवर बसली. अर्धं पुढे, अर्धं मागे. मी खाली बसून मेथी निवडत होतो. पायडल वर आलं, रोजच्या जागी अडलं. तिने डोळे मिटले. "अगाई गं!" म्हणाली, आणि पायडल पलीकडे उतरलं.

मेथीची काडी माझ्या हातातच राहिली. दुसरा फेर झाला. तिसरा झाला. पायडल अडेना. ती हँडल घट्ट धरून चालवत होती, पदर खांद्यावरून घसरला होता, गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हात सोडेना. दहा झाले. वीस झाले. चेहरा लालबुंद!

"बस, बस!" मी घाबरून उठलो. "थांब आता!"

"थांबू कशी?" ती ओरडली. "साऱ्यायनं फिरवाचंच सांगतलं! थांबवाचं कोणी सांगतलं काय?"